पाणी खोगिरावर की अंगावर?

लांब पल्ल्याच्या घोडदौडीत सोबत घेतलेलं पिण्याचं पाणी हे स्वाराचं पाणी. उकाड्यात मजल मारणारा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. ती भरपाई त्याच्याच पाठीवर लादून नेता येत नाही. त्याची तहान ओढ्यावर आणि क्रूच्या, म्हणजे वाटेत थांबलेल्या मदतनीसांच्या, बादलीतच भागते. वाद आहे तो माणसाच्या दीड-दोन लिटरांचा.

कातडी पखालीनंतर घोडदळात धातूची, वरून जाड लोकरी कापड चढवलेली बाटली आली. कापड ओलं ठेवलं की आतलं पाणी गार राहायचं. १८९२ च्या लष्करी अधिकाऱ्यांच्या व्हिएन्ना-बर्लिन दौडीत वेगापायी बरेच घोडे मेले. १९१९ पासून अमेरिकी घोडदळासाठी घेतलेल्या घोड्यांच्या चाचण्यांत पाच दिवसांत ३०० मैल जायचं होतं, तेही किमान २०० पौंड वजन घेऊन. खोगिरावरची प्रत्येक वस्तू तोलून पाहायची आजची सवय मला त्याच परंपरेतली वाटते.

१९५५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत एका दिवसात १०० मैलांची दौड झाली आणि हा खेळ सैन्याबाहेर रुजला. पुढे खोगिराच्या मागच्या कडेला बांधायच्या पिशव्या आल्या. त्यांत बाटल्या, खाऊ, रेनकोट, सगळंच जायचं. दुडक्या चालीत ही पिशवी घोड्याच्या कमरेवर आपटते. तिथे खोगिराचा आधार नाही, खाली बरगड्याही नाहीत. म्हणून बाटल्या पुढे सरकल्या: घोड्याच्या दोन खांद्यांजवळ एकेक, समतोल. एकच बाटली प्यायली की तोल जातो, म्हणून दोन्हींतून आलटून पालटून प्यायचं.

१९८९ मध्ये टेक्सासच्या एका सायकल शर्यतीत एका स्वाराने सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीला लावली आणि तिची नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्यातून निघालेल्या पाणपिशव्या घोडेस्वारांनीही उचलल्या, आणि खरा वाद सुरू झाला तो ‘मृत भार’ या शब्दावरून. खोगिराला बांधलेलं वजन मृत, स्वाराच्या अंगावरचं जिवंत, कारण ते त्याच्यासोबत उठतं-बसतं, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, घोड्याच्या पाठीला किलो तो किलोच, उलट पाठीवरचं पाणी स्वाराचा गुरुत्वमध्य वर नेतं आणि दमलेला स्वार डुलायला लागला की तेही डुलतं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. काही शर्यतींत स्वार आणि खोगीर मिळून ठरावीक किमान वजन भरावं लागतं, त्या नियमाचा पाण्याशी मेळ मात्र बसत नाही. हलक्या स्वारांना शिसं लावावं लागतं, कारण काट्यावर चढेपर्यंत बाटली रिकामी झालेली असते.

माझ्या लेखी या वादाचा निकाल तोलावर नाही, पडण्यावर लागतो. स्वार पडला आणि घोडा उधळला, तर खोगिरावरचं सगळं पाणी घोड्यासोबत जातं. ओसाड टापूत पाय मुरगळून बसलेल्या माणसाला कमरेच्या पट्ट्यातली अर्धा लिटरची बाटलीही मदत येईपर्यंत तगवते. शिवाय नळी तोंडाजवळ असली की दुडकीतही घोट घेता येतो. बाटली काढायला एक हात लगामावरून सोडावा लागतो, म्हणून स्वार पिणंच टाळतात आणि शेवटच्या टप्प्यात डोकं गरगरायला लागतं.

अलीकडे अनेक जण दोन्ही ठेवतात. खोगिरावर साधं पाणी, जे वेळ पडली तर घोड्याच्या मानेवर ओतता येतं, आणि अंगावर फक्त आपल्यापुरतं. क्षार-साखर मिसळलेलं पाणी मात्र वेगळ्या बाटलीतच भरतात, कारण नळी नीट धुतली जात नाही आणि आत बुरशी धरते.