पदवी राष्ट्राध्यक्षांची, प्रयोगशाळा देशाची

कोकणात ओले काजूगर काढायला बसताना बायका आधी हाताला राख नाहीतर खोबरेल चोळून घेतात. टरफलातला चीक लागला की कातडी भाजल्यासारखी सोलवटते. बिब्बा उततो तसंच हे. दोन्ही झाडं एकाच कुळातली. या चिकात मोठा वाटा अ‍ॅनाकार्डिक आम्लाचा. त्याच्या रेणूचं डोकं धातूला धरून बसतं आणि पंधरा कार्बन अणूंची लांब शेपटी पाण्याला जवळ येऊ देत नाही. असे रेणू धातूवर दाटीने उभे राहिले, तर एका रेणूच्या जाडीचा थर तयार होतो. हा थर गंज रोखेल का, या विषयावरच्या प्रबंधाला दार-ए-सलाम विद्यापीठाने 2009 मध्ये पीएचडी दिली. प्रबंध लिहिणारे होते जॉन मागुफुली. तेव्हा ते टांझानियाचे मंत्री होते, 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

मला हे संशोधन मनापासून आवडतं. टांझानियात काजू भरपूर पिकतो आणि बराचसा न फोडताच भारतातल्या कारखान्यांत येतो. आपल्याच मातीतल्या टरफलाचं काय करता येईल, हा प्रश्न घेऊन बसलेला रसायनशास्त्रज्ञ देशाच्या सर्वोच्च पदावर पोहोचला, तर विज्ञानाला चांगले दिवस येतील असं कुणालाही वाटेल.

मे 2020 मध्ये मागुफुलींनी जाहीर केलं, की माणसांची नावं लावून शेळीचे आणि पपईचे नमुने कोविडच्या तपासणीसाठी पाठवले होते आणि तेही पॉझिटिव्ह आले. प्रयोगशाळेची परीक्षा घेण्यात काहीच गैर नाही. उलट अज्ञात नमुने घालून पाहणं ही चांगलीच पद्धत आहे. पण पपईत विषाणू सापडला, तर पुढचा प्रश्न हवा तो दूषितीकरणाचा. नमुना कुठे मिसळला? विषाणू नसलेला तुलनेचा नमुना काय दाखवतो? तीच चाचणी दुसऱ्या प्रयोगशाळेत काय सांगते? मागुफुलींनी चाचण्यांवरच अविश्वास दाखवला, प्रयोगशाळेच्या प्रमुखांना निलंबित केलं गेलं आणि टांझानियाची रुग्णसंख्या 509 वर गोठली. आकडे पुन्हा यायला लागले ते मार्च 2021 मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यानंतर, नव्या राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांच्या काळात. रसायनशास्त्राची सर्वोच्च पदवी घेतलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

मॉरिशसच्या अमीना गुरीब-फकीम यांची गोष्ट वेगळी. आपल्या बेटांवरच्या औषधी वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद करणाऱ्या या प्राध्यापिका 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. पण तिथलं हे पद मानाचं, तिजोरी पंतप्रधानांच्या सरकारकडे. 2018 मध्ये एका आर्थिक वादातून त्यांना पद सोडावं लागलं.

आणि ज्यांच्याकडे विज्ञानाची पदवीच नव्हती, ते घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा! शिक्षण तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचं. पण 1963 मध्ये त्यांच्या सरकारने अणुऊर्जा आयोग स्थापला आणि पुढच्याच वर्षी राजधानी अक्राजवळ क्वाबेन्या इथे अणुभट्टीची पायाभरणी झाली. फेब्रुवारी 1966 मध्ये लष्कराने त्यांची सत्ता उलथवली आणि भट्टीचं काम थांबलं. आयोग मात्र टिकला.

आफ्रिकन संघाच्या देशांनी 2006 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचा किमान 1 टक्का संशोधनावर खर्च करायचं ठरवलं. बहुतेक देश अजून त्याच्या खूप मागे आहेत. बरंचसं संशोधन परदेशी अनुदानावर चालतं, त्यामुळे कोणत्या रोगावर किंवा पिकावर काम करायचं हेही पुष्कळदा बाहेरच ठरतं. आपल्या टरफलाचा प्रश्न आपणच विचारायचा, तर पैसाही घरचाच लागतो, आणि तो सरकार बदललं तरी चालू राहावा लागतो.

क्वाबेन्यातली अणुभट्टी अखेर डिसेंबर 1994 मध्ये सुरू झाली, चीनच्या मदतीने. तेव्हा क्षमता अवघी 30 किलोवॉट, वीज बनवण्यासाठी नाहीच. तिच्यातले न्यूट्रॉन माती, पाणी आणि अन्नाच्या नमुन्यांवर सोडतात आणि नंतर त्यांतून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून कोणतं मूलद्रव्य किती आहे ते मोजतात. शेजारीच अणुविज्ञानाची पदव्युत्तर शाळा आहे. तिथे घानाबरोबरच आफ्रिकेतल्या इतर देशांतली मुलंमुलीही शिकायला येतात.