महाबळेश्वर म्हणजे नेमकं कुठलं: बाजाराचं की देवळाचं?

आत्याला घेऊन महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर उतरलो, तेव्हा तिनं पिशवीतून तांब्याचा गडू काढला, इकडंतिकडं मान वळवून पाहिलं आणि विचारलं, ‘‘कळस कुठून दिसतो रे?’’ समोर चणेवाला, त्याच्या पलीकडं चपलांचं दुकान, त्याच्यावर लॉजची पाटी. कळस कुठंच नव्हता. शेवटी चणेवालाच म्हणाला, ‘‘आजी, देऊळ इथं नाही. क्षेत्राला जायला लागेल.’’ मी तिला मुद्दाम भलत्याच गावी उतरवलंय, अशा नजरेनं आत्या माझ्याकडं बघत राहिली.

चूक तिची नव्हती. एकाच नावाची दोन गावं आहेत. एक बाजाराचं, हॉटेलांचं, वेण्णा तलावाचं. कागदोपत्री त्याचं जुनं नाव माल्कम पेठ. दुसरं तिथून पाच-सहा किलोमीटरवरचं देवळांचं. क्षेत्र महाबळेश्वर, बोलताना नुसतं ‘क्षेत्र’, आणि पर्यटकांच्या तोंडी ‘ओल्ड महाबळेश्वर’. हे शेवटचं नाव मला खटकतं. ओल्ड म्हटलं की मुख्य गावाचा जुना, मागं पडलेला भाग वाटतो, वाडा पाडला तरी शिल्लक राहिलेल्या ओसरीसारखा. खरा प्रकार उलटा आहे. नाव क्षेत्राचं, बाजारानं ते उसनं घेतलं आणि परत केलंच नाही.

उसनवारी झाली ती इंग्रजांच्या काळात. लॉडविक हा लष्करी अधिकारी १८२४ मध्ये या पठारावर चढून आला. लॉडविक पॉइंट त्याच्याच नावाचा. पुढं मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं इथं आजारी गोऱ्यांसाठी हवापालटाचं ठिकाण वसवायचं ठरवलं आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेतली. बदल्यात खंडाळा दिलं. (लोणावळ्याशेजारचं नव्हे, खंबाटकी घाटाच्या अलीकडचं. नावांचा घोटाळा इथंही पाठ सोडत नाही.) १८२८-२९ च्या सुमारास वसलेल्या या वस्तीला साहेबाचं नाव मिळालं, पण लोकांनी ते कागदावरच ठेवलं. डोंगर महाबळेश्वराचा, मग गावही महाबळेश्वर. बाजारगावचं वय त्यामुळं जेमतेम दोनशे वर्षं.

क्षेत्राचं वय काढायला बसलं तर आधी चंद्रराव मोऱ्यांची जावळी येते, त्याच्याही मागं यादव. शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती या देवळात, १६६५ च्या सूर्यग्रहणाला. महाराजांचे वयोवृद्ध मुत्सद्दी सोनोपंत डबीर यांचीही तुला तेव्हाच झाली. महाबळ आणि अतिबळ या दोन दैत्यांची कथा पुजारी सांगतात. देवानं त्यांचीच नावं धारण केली म्हणे. शेजारी अतिबळेश्वराचं देऊळ आहे, तिकडं फार कोणी फिरकत नाही. महाबळेश्वराची पिंडही नेहमीसारखी गुळगुळीत नाही. खडबडीत, रुद्राक्षासारखी खळग्याखळग्यांची, आणि खळग्यांत पाणी.

पाणी हाच दोन्ही गावांतला सगळ्यात मोठा फरक. बाजाराच्या महाबळेश्वराकडं पाणी आहे ते वेण्णा तलावाचं. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेलं, होड्यांचं, काठावर घोडे आणि मक्याची कणसं असलेलं. बघायला छान, पण अडवलेलं. क्षेत्राकडचं पाणी वाहतं. पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्या एका गोमुखातून पडतात अशी श्रद्धा. भागीरथी आणि सरस्वतीही आहेत, पण त्या रोजच्या नाहीत. भागीरथी बारा वर्षांनी प्रकटते, सरस्वती साठ वर्षांनी. भूगोलाचा मास्तर म्हणेल, या नद्या वेगवेगळ्या ओघळांतून निघतात. निघू देत. पण त्यांचा हा एका गोमुखाशी मेळ ज्यानं घातला, त्यानं हे पठार पायाखालून पुरतं ओळखलं होतं. कृष्णा धोमवरून वाईला जाते. वेण्णा मेढ्यावरून साताऱ्याकडं जाऊन माहुलीला कृष्णेला मिळते. कोयना जावळीतून दक्षिणेला वाहत जाऊन कराडला कृष्णेच्या समोरासमोर येते. सावित्री मात्र पश्चिमेला कडा उतरून पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीत. म्हणजे एकाच पठारावरचं पाणी, पण काही बंगालच्या उपसागराला जाणारं, काही अरबी समुद्राला.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर क्षेत्रावरून तसंच पुढं आर्थर सीटला जावं. एका अंगाला सावित्रीची दरी, अशी खोल की खालची कोकणातली घरं काडेपेट्यांसारखी; दुसऱ्या अंगाला जोरचं खोरं, कृष्णेचं, त्या मानानं सौम्य. मध्ये आपण उभे, ती पाणी वाटणारी धार. लोक इथं बाटलीचं बूच हवेत टाकून वाऱ्यानं परत येतंय का बघतात आणि दरी बघायची विसरतात.

त्यामुळं दिवस आखताना दोन्ही गावं वेगळी धरावीत. सकाळ क्षेत्र आणि आर्थर सीटच्या रस्त्याला द्यावी, धुकं विरलं की. वाटेतले एल्फिन्स्टन, मार्जोरी, सावित्री पॉइंट त्यातच होतात. संध्याकाळ बाजाराच्या बाजूला, बॉम्बे पॉइंट किंवा लॉडविकवर; तिथून पश्चिम मोकळी दिसते, समोर प्रतापगड. टॅक्सीवाले यादी देतात त्यात क्षेत्र ‘एक पॉइंट’ म्हणून टाकलेलं असतं आणि वीस मिनिटांत आटपा म्हणतात. आम्हालाही म्हटले. आत्यानं आटपलं नाही, ती गोमुखाखाली गडू धरून रांगेतल्या सगळ्यांना पुढं जाऊ देत उभी होती.

पंचगंगेच्या मागं पाच मिनिटं चाललं की कृष्णाबाईचं देऊळ लागतं. क्षेत्राला गेलेल्यांतले निम्मे लोकही तिथं जात नसावेत. काळा दगड, त्यावर शेवाळ, दगडी गोमुखातून कुंडात पडणाऱ्या धारेचा आवाज आणि समोर कृष्णेची दरी. माझ्या मते दोन्ही महाबळेश्वरांतली सगळ्यात चांगली जागा हीच. अर्थात मी हे लिहून तिचं वाटोळं करतोय.

राहणं-खाणं बाजारगावातच. क्षेत्रात देवळाच्या वाटेवर ताक, सरबत, रुद्राक्षांच्या माळा. बाजारात चणे, जाम, मध, चपला आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत स्ट्रॉबेरी. पावसाळ्यात दोन्हीकडं सारखंच. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस गावं बघून पडत नाही. पॉइंटवर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही, त्या दिवसांत मात्र क्षेत्र जिंकतं, कारण देवळातलं पाणी धुक्यातही ऐकू येतं.

आता तिसरं नाव येऊ घातलंय. कोयनेच्या जलाशयाच्या अंगानं ‘नवीन महाबळेश्वर’ वसवायचा सरकारी प्रकल्प आहे, रस्ते विकास महामंडळाकडं सोपवलेला. म्हणजे आजवर ‘नवीन’ म्हणवणारी माल्कम पेठ मधली ठरणार, आणि स्टँडवरच्या चणेवाल्याचं काम वाढणार.

आत्या मूळची कराडची, प्रीतिसंगमापासून हाकेच्या अंतरावर राहणारी. तिच्या दारात कृष्णा-कोयना रोज भेटतात, तरी तिला दोघींचं एकत्र पाणी गोमुखातलंच हवं होतं. परतीच्या गाडीत गडू तिनं मांडीवर धरला होता. केळघरच्या घाटात एका वळणावर गाडी कलली आणि निम्मा गडू सांडला. मी हळहळलो. ती पदरानं मांडी पुसत म्हणाली, ‘‘असू दे, वेण्णेच्या वाटणीचं होतं ते.’’