ऊन फुकटंय, व्याज फुकट नाही

मराठवाड्यात उन्हाची कमी कधीच नव्हती, कमी असते ती पाण्याची. 2015 ला परळीचं थर्मल बंद पडलं होतं ते आठवत असेल, मशिनी जागेवर होत्या पण चालवायला पाणीच नव्हतं. सोलरला तेवढं पाणी लागत नाही, पॅनल धुण्यापुरतं मिळालं तरी भागतं. म्हणून लोक विचारायलेत की ऊन एवढं फुकट पडायलंय तर सोलरची वीज महाग काहून, आणि कचऱ्याचे डोंगर लागलेत तर त्यातून पैसा काहून निघत नाही. खरं सांगायचं तर दोन्हीचं उत्तर इंजिनिअरकडं कमी आणि बँकेत जास्त सापडतं.

आधी सोलर बघू. कोळशाच्या वीजघरात रोज कोळसा घ्या, रोज जाळा, रोज पैसे मोजा असा कारभार असतो. सोलरमधे मात्र पुढच्या 25 वर्षांच्या विजेचे जवळपास सगळे पैसे सुरुवातीलाच ओतावे लागतात. एवढी रोकड कुणाकडंच नसते म्हणून कर्ज, आणि कर्ज म्हणलं की व्याज आलंच. ढोबळ हिशोब करून बघा, 1 मेगावॅटचा प्लांट, खर्च 4 कोटी धरा, वर्षाला 15 लाख युनिट धरा, कर्ज 20 वर्षांत सारख्या हप्त्यानं फेडायचं. 6 टक्के व्याज असेल तर वर्षाचा हप्ता 35 लाखांच्या आसपास येतो, म्हणजे युनिटमागं 2 रुपये 33 पैसे. तेच कर्ज 12 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साडेत्रेपन्न लाखांवर जातो आणि युनिट पडतं 3 रुपये 57 पैशाला. पॅनल तेच, ऊन तेच, वायरसुद्धा तीच, आणि वरचा सव्वा रुपया निव्वळ व्याजाचा!

आता गंमत अशीय की ज्या देशांत ऊन जास्त तिथंच पैसा महाग. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था म्हणजे आयईए सांगते की विकसनशील देशांत सोलरसाठी पैसा उभा करायला श्रीमंत देशांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त खर्च येतो. मग बाहेरून स्वस्त डॉलर आणावेत म्हणलं तर तिथं वेगळाच घोळ, 2011 ला डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता आणि 2024 ला 83-84 ला गेला, तुम्ही वीज विकणार रुपयात आणि फेडणार डॉलरमधे, मधल्या मधे मेलात. त्यात वीज कंपनी बिल वेळेवर देईल का ही भीती वेगळी, आणि अशी प्रत्येक भीती बँक व्याजातच धरते.

भीती कमी केली की काय होतं ते मध्य प्रदेशात रीवाला दिसलं. 750 मेगावॅटचा प्रकल्प, 2017 ला लिलाव झाला तेव्हा पहिल्या वर्षाचा दर 2 रुपये 97 पैसे निघाला, त्या काळात लै कमी होता तो. पॅनल स्वस्त झाले होते हे खरंच, पण वीज घेणाऱ्यानं पैसे थकवले तर आधी बँकेची हमी, मग वेगळा फंड आणि शेवटी राज्य सरकारची गॅरंटी अशी तीन पदरी सोय करून ठेवलेली होती. नुसत्या कागदानं वीज स्वस्त होते म्हणतात ती अशी.

घरच्या सोलरला आपल्याकडं सबसिडी आहे, पीएम सूर्यघरमधे 3 किलोवॅटला 78 हजार. शेतीपंपाला शेतकऱ्यानं 10 टक्केच भरायचे. बांगलादेशनं वेगळी वाट धरली, 2003 पासून छोट्या हप्त्यांवर खेड्यापाड्यात 40 लाखांवर घरांत सोलर बसवलं.

कचऱ्याचं गणित मात्र नेमकं उलटंय. इथं मशीन आणणं सोपं, चालवणं अवघड. संभाजीनगरात 2018 च्या फेब्रुवारीत, शहराचा कचरा जिथं टाकायचे त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, मार्चमधे मिटमिट्याला दगडफेक झाली, शहरभर कचरा पडून. मग निधी आला, चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलला प्लांट उभे राहिले. पण गाडीचं डिझेल, वेचणाऱ्यांचा पगार, मशीनची दुरुस्ती हे दर महिन्याला कोण देणार? म्हैस अनुदानात आली आणि वैरणीचं कुणी बघितलंच नाही, अशी गत बऱ्याच गावांत आहे. वर्ल्ड बँकेचा 2018 चा अहवाल म्हणतो की गरीब देशांतल्या पालिकांचा साधारण 20 टक्के पैसा कचऱ्यातच जातो, श्रीमंत देशांत 4 टक्के.

‘कचऱ्यापासून वीज’ म्हणलं की टाळ्या पडतात, मला मात्र दिल्लीचं तिमारपूर आठवतं. 1987 ला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाची भट्टी आणली, आणि आपला कचरा तिच्यात पेटेचना. भाजीची देठं, शिळं अन्न, माती, सगळं ओलं, त्यात उष्णता किती असणार! थोड्याच दिवसांत ती बंद पडली. ओल्या कचऱ्याची जागा बायोगॅसमधे. तसाच ढिगात कुजला तर मिथेन वायू हवेत जातो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा 28 पट तापवतो. तो मिथेन वाचवून कार्बन क्रेडिट, म्हणजे प्रदूषण वाचवल्याचं बाजारात विकता येणारं सर्टिफिकेट, विकू असं बऱ्याच जणांनी ठरवलं होतं, पण 2008 ला 20 युरोवर असलेलं क्रेडिट 2012 संपता संपता 1 युरोच्याही खाली आलं, त्या भरवशावर पगाराचं गणित मांडणं कठीणच.

इंदूरचं जमलं कारण तिथं घरातच ओला-सुका वेगळा होतो. 2022 ला रोज 550 टनांचा बायो-सीएनजी प्लांट सुरू झाला, त्यात कंपनीच महापालिकेला वर्षाला अडीच कोटी देणार असं ठरलं. वेगळा केलेला कचरा हा तिथं कच्चा माल आहे. पुढं 2023 ला त्याच महापालिकेनं 244 कोटींचे ग्रीन बाँड काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजानं पैसे घेऊन तसे कागद दिले, व्याज सव्वाआठ टक्के, जलूदला 60 मेगावॅट सोलरसाठी, कारण नर्मदेचं पाणी वर चढवायचं वीजबिल झेपत नव्हतं. महापालिकेनं मागितले त्याच्या कितीतरी पट पैसे लोकांनी लावायची तयारी दाखवली.

संभाजीनगरचं पाणीपण जायकवाडीवरून पंपानंच चढवावं लागतं, तेव्हा हे आपल्याला लागू पडण्यासारखंय. फक्त बाँड घेणारा आधी रेटिंग, म्हणजे पैसे परत मिळतील का याची पत, बघतो आणि रेटिंगवाले घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली बघतात, तिथं आपली बोंब. आणि हिंगोली, बीड, धाराशिवसारख्या छोट्या नगरपालिकांचे बाँड एकेकट्यानं कोण घेणार? त्यावरही एक तोडगा झालेला आहे, तमिळनाडूत 2003 च्या सुमारास 13 छोट्या गावांनी मिळून एकत्र 30 कोटींचे बाँड काढले, पाणी-सांडपाण्याच्या कामांसाठी, निम्म्या मुद्दलाला अमेरिकेच्या मदतसंस्थेची गॅरंटी होती. आपल्याकडं असं करायला निदान तेरा गावांचे हिशोब वेळेवर पूर्ण झालेले लागतील.