सवेतन रुग्णसेवानुभव, वैद्यकीय प्रवेशपूर्व

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज करण्यापूर्वी रुग्णालय, दवाखाना, शुश्रूषागृह किंवा रुग्णवाहिका येथे पगारी नोकरी करून मिळवलेला, रुग्णांशी प्रत्यक्ष संबंध आलेला अनुभव. ही रीत प्रामुख्याने अमेरिकेत रूढ आहे. तेथे डॉक्टरकीचे चार वर्षांचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि प्रवेश समित्या एमकॅट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांबरोबरच अर्जदाराने आजारी माणूस किती जवळून पाहिला आहे, याचीही चौकशी करतात. तेथील बहुतेक एम.डी. (तेथील डॉक्टरकीची मूळ पदवी) महाविद्यालयांसाठीच्या ‘अ‍ॅमकास’ या सामायिक अर्जात सर्व प्रकारची कामे व उपक्रम मिळून जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. पगारी वैद्यकीय काम, वैद्यकीय स्वयंसेवा आणि डॉक्टरांमागे फिरून केलेले निरीक्षण (शॅडोइंग) यांसाठी त्यात वेगवेगळे वर्ग आहेत.

या नोकऱ्यांत सर्वांत कष्टाची नोकरी म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, अर्थात सीएनए. १९८७च्या केंद्रीय कायद्याने शुश्रूषागृहांतील या साहाय्यकांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्यातील किमान १६ तास देखरेखीखालील प्रात्यक्षिकाचे असतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला अंघोळ घालणे, भरवणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलून देणे, शौचाला नेणे ही कामे सीएनए करतात. मेडिकल स्क्राइबची नोकरी याच्या अगदी उलट आहे. डॉक्टर रुग्णाशी बोलत असताना त्या भेटीची नोंद संगणकावर करणे हे त्याचे काम. २००९च्या कायद्याने संगणकीकृत रुग्णनोंदींना आर्थिक प्रोत्साहन मिळाल्यावर या कामाची गरज वाढली. स्क्राइबचा हात रुग्णाला लागत नाही, पण लक्षणांवरून निदानापर्यंत डॉक्टर कसा पोहोचतो हे त्याला रोज ऐकायला मिळते. रुग्णवाहिकेवर तातडीची वैद्यकीय मदत देणारे ईएमटी, रक्ताचे नमुने घेणारे फ्लेबॉटमिस्ट आणि दवाखान्यातील मेडिकल असिस्टंट ही आणखी काही कामे होत.

पगार घेतल्याने सेवाभाव उणा ठरतो, ही समजूत निराधार आहे. नोकरीत कामाची पाळी चुकवता येत नाही, चुकीबद्दल जाब द्यावा लागतो आणि नको असलेले कामही वाट्याला येते. ही जबाबदारी आठवड्यातून दोन तास येणाऱ्या स्वयंसेवकावर क्वचितच पडते. शिवाय ज्यांना शिकता शिकता घरखर्चाला हातभार लावावा लागतो, त्यांना विनामूल्य शेकडो तास देणे परवडत नाही. त्यांच्यासाठी पगारी काम हाच रुग्णापर्यंत पोहोचण्याचा न्याय्य मार्ग आहे. अनेक जण पदवीनंतर एक-दोन वर्षे अर्ज लांबवून अशी पूर्णवेळ नोकरी करतात.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना येथे व्हिसाची अडचण जाणवते. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या एच-४ व्हिसावरील मुलांना पगारी नोकरी करण्याची परवानगी नसते. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते आणि आवाराबाहेरच्या नोकरीसाठी वेगळी परवानगी लागते. अशा मुलांना स्वयंसेवेवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून अर्जातील पगारी काम आणि स्वयंसेवा या वर्गांचा हा भेद त्यांनी अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी समजून घेतला पाहिजे.

भारतात बारावीनंतर नीट परीक्षेच्या गुणांवर एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळतो. पूर्वानुभव विचारला जात नाही. २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच रुग्णांशी ओळख करून देण्याची तरतूद आहे, ती स्वागतार्ह आहे. मात्र सीएनए जे काम करतात, ते महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत बहुतांशी रुग्णाचे नातेवाईक आणि वॉर्डातील मावशी-मामा करतात, आणि भावी डॉक्टरला त्यांच्या जागी उभे राहण्याची वेळ सहसा येत नाही.