ऊतकांचे वारंवारतावलंबी विद्युत् गुणधर्म व त्यांचे सिम्युलेशन

मोबाइलचा अँटेना, एमआरआयची कॉइल किंवा हायपरथर्मियाचे उपकरण यांमुळे शरीरात किती ऊर्जा शोषली जाते, हे संगणकावर काढताना प्रत्येक ऊतकाची परमिटिव्हिटी (विद्युत् क्षेत्रात ध्रुवीकरण होण्याची क्षमता) व संवाहकता (विद्युत् प्रवाह वाहून नेण्याची क्षमता) द्यावी लागते. हे दोन्ही गुणधर्म वारंवारतेनुसार बदलतात. बदल प्रारूपात नीट उतरला नाही, तर चित्र सुरेख दिसते आणि शोषणाचा आकडा मात्र साफ चुकतो.

या बदलाला अपस्करण म्हणतात. पेशीभोवतीच्या आयनांमुळे कमी वारंवारतेला ॲल्फा, पेशीपटलांमुळे शेकडो किलोहर्ट्‌झच्या आसपास बीटा आणि पाण्याच्या रेणूंमुळे सुमारे २० गिगाहर्ट्‌झला गॅमा, असे त्याचे मुख्य टप्पे आहेत. गॅब्रिएल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चार पदांचे कोल-कोल सूत्र (अपस्करणाचे टप्पे पदांनी मांडणारे गणिती सूत्र) बसवून १० हर्ट्‌झ ते १०० गिगाहर्ट्‌झपर्यंतचे प्राचल दिले. आजही बहुतेक काम त्यांवरच चालते. मात्र १ मेगाहर्ट्‌झखाली मोजमापात इलेक्ट्रोडचे ध्रुवीकरण आड येते. तिथल्या कामासाठी संवाहकतेचे स्वतंत्र मोजमाप पाहावे.

एकाच वारंवारतेचे सिम्युलेशन असेल तर प्रश्न सोपा असतो. स्नायूसाठी ९०० मेगाहर्ट्‌झला सापेक्ष परमिटिव्हिटी ५५.० व संवाहकता ०.९४ सीमेन्स प्रति मीटर, तर २.४५ गिगाहर्ट्‌झला ५२.७ व १.७४. हे आकडे थेट भरता येतात. खरी अडचण एफडीटीडीत (जागेची लहान घरे पाडून क्षेत्र काळाच्या एकेका पायरीने काढण्याची पद्धत) रुंदपट्टी, म्हणजे अनेक वारंवारता असलेला, स्पंद सोडताना येते. कोल-कोल सूत्रातील अपूर्णांकी घातामुळे कालक्षेत्रात मागच्या सर्व क्षणांचा इतिहास साठवावा लागतो. म्हणून आपल्या वारंवारता-पट्टीपुरते ते डिबाय पदांत (अपूर्णांकी घात नसलेल्या साध्या पदांत) बदलतात. एका डिबाय पदाला प्रत्येक घरात क्षेत्राच्या तीन घटकांसाठी तीन जादा चल पुरतात. तरी १० कोटी घरांच्या प्रारूपात हे एकेरी अचूकतेत सुमारे १.२ गिगाबाइट होते, म्हणून पदे उगाच वाढवू नयेत.

स्नायूचे उदाहरण पाहू. अनंत वारंवारतेची परमिटिव्हिटी ३५.२, पदाची उंची २०.२, शिथिलनकाल (ध्रुवीकरणाला क्षेत्राच्या बदलाशी जुळवून घ्यायला लागणारा काळ) २५.६ पिकोसेकंद आणि स्थिर संवाहकता ०.८० हे एकच पद घेतले, तर वरच्या दोन्ही वारंवारतांचे आकडे जुळतात. मधल्या १.८ गिगाहर्ट्‌झला ५३.८ व १.३४ मिळतात, कोल-कोलचे उत्तर ५३.५ व १.३४ आहे. पण हेच पद १० गिगाहर्ट्‌झला लावले तर संवाहकता ५.८ येते, खरी मात्र १०.६. बसवलेले सूत्र ज्या पट्टीत तपासले तिथेच वापरावे. ही शिस्त मोडली तर सॉफ्टवेअर कसलीच सूचना देत नाही.

बसवताना पदाची उंची व शिथिलनकाल धनच राहतील असे बंधन घालावे. उणे उंचीचे पद त्या पट्टीत आलेख छान जुळवते, पण ऊतक ऊर्जा शोषण्याऐवजी देऊ लागते आणि काही हजार पायऱ्यांनंतर गणन फुटते. अनंत वारंवारतेची परमिटिव्हिटी १ पेक्षा खाली गेली तर कूरांची अट (घराच्या आकाराच्या मानाने कालपायरी किती मोठी चालते ती मर्यादा) मोडते. १ मिलिमीटर घनाकार घरासाठी कालपायरी १.९ पिकोसेकंदांच्या आत लागते. ती सर्वांत लहान शिथिलनकालापेक्षाही बरीच लहान हवी, नाहीतर पद असूनही नीट दिसत नाही.

सर्वाधिक घोटाळा संवाहकतेत होतो. तक्त्यातील (वर दिलेला ९०० मेगाहर्ट्‌झचा) ०.९४ हा एकूण परिणाम आहे, त्यात शिथिलनाचा ऱ्हास, म्हणजे ऊर्जेची हानी, धरलेला असतो. कोल-कोलमधील आयनिक संवाहकता स्नायूसाठी फक्त ०.२ आहे. डिबाय पदाबरोबर ०.८० ऐवजी २.४५ गिगाहर्ट्‌झचा तक्त्यातील १.७४ हा आकडा दिला, तर त्या वारंवारतेला ऱ्हास दीडपटीहून जास्त होतो. उलट, पदाशिवाय नुसते ०.२ दिले तर ९०० मेगाहर्ट्‌झला तो पाचव्या हिश्श्यावर येतो. चरबीच्याही नोंदी दोन आहेत : शुद्ध चरबीची परमिटिव्हिटी ९०० मेगाहर्ट्‌झला ५.५, इतर ऊतक मिसळलेल्या सरासरी चरबीची ११.३. कोणती घेतली ते अहवालात लिहावे.

पूर्ण मानवी प्रारूपाआधी सपाट स्नायूच्या जाड थरावर स्पंद सोडून तपासणी करावी. हवेतून येणाऱ्या लहरीची सुमारे ५९ टक्के शक्ती ९०० मेगाहर्ट्‌झला परावर्तित होते. पण एवढ्यावर थांबू नये. वरची ०.२ ची चूक असूनही परावर्तन ५८ टक्के येते आणि काहीच खटकत नाही. क्षेत्र ३७ टक्क्यांवर येण्याची खोली मात्र ४२ मिलिमीटरऐवजी सुमारे २०० मिलिमीटर निघते. म्हणून परावर्तनाबरोबर ही खोलीही मोजावी.