भात : मुळांचे तापमान आणि शोषण

भाताची मुळे पाणी आणि अन्नद्रव्ये किती शोषतील, हे ती ज्या चिखलात वाढतात त्याच्या उष्णतेवरही ठरते. २५ ते २८ अंश सेल्सिअसला मुळे सर्वांत चांगली वाढतात; साधारण १६ अंशांखाली आणि ३५ अंशांवर त्यांची वाढ खुंटते. लावणीनंतर रोपाचा वाढबिंदू बराच काळ पाण्याखाली असतो. त्यामुळे पोटरीत कणीस धरू लागेपर्यंत हवेपेक्षा कुणग्यातल्या (भाताच्या वाफ्यातल्या) पाण्याचे तापमान अधिक महत्त्वाचे.

थंडीत पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, वाढते. २० अंशांच्या तुलनेत १० अंशांना ती सुमारे ३० टक्के जास्त असते. पण शोषण घटण्याचे मोठे कारण खुद्द मुळांमध्येच असते. पेशींच्या पडद्यातून पाणी आत सोडणाऱ्या ॲक्वापोरिन प्रथिनांचे काम गारठ्यात मंदावते. अशा वेळी ऊन आणि कोरडा वारा असेल, तर पाणी तुंबलेल्या शेतातही पाने सुरळी होतात. स्फुरद, पालाश आणि सिलिका ओढून घ्यायला श्वसनातून मिळणारी ऊर्जा लागते, म्हणून थंडीत त्यांचे शोषण लवकर घटते. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे तितके नाही. नत्रापैकी अमोनियमचे शोषण नायट्रेटपेक्षा बरे टिकते, आणि चिखलातल्या भाताला मिळते ते मुख्यतः अमोनियमच.

या विषयाचा बराचसा अभ्यास जपानसारख्या थंड मुलखात झाला. गोव्यात प्रश्न बहुधा उलटा असतो. पणजीत जानेवारीचे सरासरी किमान तापमानही २० अंशांच्या आसपास राहते. सत्तरी, सांगेच्या आतल्या भागात पहाटे थोडा जास्त गारवा असतो, इतकेच. झऱ्याच्या पाण्यावर घेतल्या जाणाऱ्या वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला) तर तोही फारसा बाधत नाही, कारण झऱ्याचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असते. पावसाळी सरद पिकाला ढगाळ हवा आणि वाहते पाणी सांभाळून घेते.

खरी परीक्षा वायंगणाची, फेब्रुवारी-मार्चमध्ये. झरे आटू लागतात, कुणग्यात बोटभर पाणी उरते आणि दुपारी ते झपाट्याने तापते. तापलेल्या मुळाचे श्वसन वाढते, म्हणजे त्याला प्राणवायू जास्त लागतो; पाण्यात मात्र तो कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. पानांकडून मुळांकडे हवा नेणाऱ्या पोकळ ऊती भाताला असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे.

तापलेल्या चिखलात सूक्ष्मजीवही जोर धरतात. गोव्याच्या जांभ्या मातीत लोह भरपूर. ते विद्राव्य होऊन मुळांभोवती साचते आणि पाने तांबूस पडतात. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) सल्फेटयुक्त खारे पाणी मुरलेले असते; सूक्ष्मजीव त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आणि त्याला बांधून ठेवणारे लोह अपुरे पडले की तो मोकळा राहतो. तो मुळाचे श्वसनच रोखतो, मुळे काळी पडतात, आणि पालाश-सिलिकाचे शोषण थंडीत घटते तसेच इथे उष्णतेत घटते. वर खारटपणामुळे पाणी ओढणे जड जाते ते वेगळेच. कोरगुट हे खाजनातले जुने वाण खारटपणा सोसते. पण मुळांतला प्राणवायूचा तुटवडा केवळ वाण बदलून सुटत नाही.

उपाय मुख्यतः पाण्याचाच. उन्हाच्या दिवसांत पाण्याची पातळी थोडी वाढवली की चिखल कमी तापतो. शक्य तिथे संध्याकाळी ताजे पाणी घेतात. मुळे काळी दिसू लागल्यास मात्र पाणी काढून माती काही दिवस हवेशीर ठेवतात, तेही खाजनात क्षार वर येणार नाहीत इतपतच.