कोटा उठला आणि कपडा स्वस्त झाला

फास्ट फॅशनचा विषय निघाला की बोट आधी गिऱ्हाइकाकडे जातं. लोक गरजेपेक्षा जास्त कपडे घेतात आणि चार वेळा घालून टाकून देतात, हे खरंच आहे. पण इतका कपडा इतक्या स्वस्तात बाजारात आला कसा, हे समजून घ्यायचं तर १ जानेवारी २००५ या तारखेपाशी, म्हणजे कपड्यांच्या आयातीवरचा कोटा उठला त्या दिवसापाशी, थांबावं लागतं.

त्याआधी तीस वर्षं कपड्यांच्या जागतिक व्यापारावर कोट्याचं बंधन होतं. १९७४ च्या करारामुळे अमेरिका आणि युरोपला प्रत्येक निर्यातदार देशाकडून वर्षाला किती शर्ट, किती पँटी घ्यायच्या हे बांधून टाकता येत असे. पर्यावरणाचा विचार त्यामागे अजिबात नव्हता, स्वतःच्या गिरण्या वाचवायच्या होत्या. गरीब देशांवर तो उघड अन्याय होता आणि कोटा काढा ही त्यांची मागणी रास्तच होती. १९९५ पासून दहा वर्षांत तो टप्प्याटप्प्याने उठवायचं ठरलं. श्रीमंत देशांनी मात्र महत्त्वाचे बहुतेक प्रकार शेवटच्या दिवसापर्यंत धरून ठेवले, त्यामुळे धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडावेत तसं झालं.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नगांवर मर्यादा असली की कारखानदार तेवढ्याच नगांत जास्त किमतीचा, चांगला माल पाठवतो. मर्यादा गेली की हलका माल ढिगाने पाठवणं परवडतं. कोट्यात अडकलेल्या चिनी कपड्यांच्या किमती अमेरिकेत २००५ या एका वर्षात एक तृतीयांशाहून जास्त घसरल्या आणि दर्जाही उतरला. युरोपने त्याच वर्षी घाईघाईने पुन्हा मर्यादा लावल्या, तेव्हा कोट्यवधी स्वेटर आणि पँटी बंदरांत अडकून पडल्या आणि शेवटी तडजोड करून सोडाव्या लागल्या. कोटा उठवणं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण तो उठवताना पाणी, रंगाईचं सांडपाणी आणि कचरा यांचा हिशेब कुणी मांडलाच नाही, आणि ती चूक अजून निस्तरणं चालू आहे.

या वाढीला धागा पुरवला तो पॉलिस्टरने. कापसाला जमीन आणि पाणी लागतं, आणि कापसासाठी नद्या वळवल्यावर मध्य आशियातला अरल समुद्र जवळजवळ आटून गेला. खनिज तेलातून निघणाऱ्या धाग्याला तशी मर्यादा नव्हती. २००० साली जगात सुमारे ५.८ कोटी टन धागा तयार होत होता, २०२२ मध्ये ११.६ कोटी टन. त्यातला निम्म्याहून जास्त पॉलिस्टर आहे. असा एक कपडा एका धुण्यात प्लास्टिकचे १,९०० हून जास्त बारीक तंतू पाण्यात सोडू शकतो, असं २०११ मध्येच मोजलं गेलं होतं.

साध्या जीन्सचं लेबल वाचा: कापूस, पॉलिस्टर, थोडं इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा). त्यात शिलाईचा दोरा बहुधा पॉलिस्टरचाच. हे सगळं एकमेकांपासून सोडवणं इतकं अवघड आहे की जुन्या कपड्यांपासून पुन्हा कपडा होण्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. ‘रिसायकल्ड पॉलिस्टर’ म्हणून जे विकलं जातं, ते जवळपास सगळं प्लास्टिकच्या बाटल्यांचं असतं. उरलेल्या कपड्यांचे गठ्ठे घानाच्या बाजारात किंवा चिलीच्या अटाकामा वाळवंटात जाऊन पडतात.

पुढचा टप्पा परदेशातून थेट गिऱ्हाइकाच्या घरी येणाऱ्या पार्सलचा. अमेरिकेने २०१६ मध्ये ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं करमुक्त केली. त्या सवलतीवर ऑनलाइन कपड्यांचा धंदा फोफावला, आणि ती २०२५ मध्ये काढून घेण्यात आली.

सवयींपैकी सर्वात जास्त फरक पडतो तो हातातला कपडा जास्त दिवस वापरल्याने, कारण बरंचसं नुकसान धागा, कापड आणि रंगाई यांतच होऊन गेलेलं असतं. जुना कपडा विकत घेण्याचा उपयोगही त्यामुळे नवी खरेदी टळली तरच होतो. पण शिवून घेण्यापेक्षा नवा कपडा स्वस्त पडत असेल तर ही सवय टिकणार कशी? फ्रान्सने २०२३ च्या अखेरीस यावर एक उपाय सुरू केला. तिथे कपडे आणि बूट दुरुस्त करून घेतले की बिलात ६ ते २५ युरोंची सूट मिळते, आणि तो पैसा उत्पादकांकडून घेतलेल्या वर्गणीतून येतो.